दांडीवाला गडवा

मी एक जुना पितळी गडवा आहे. चांद्याकडे तांब्याला गडवा म्हणतात. झाडीपट्टीतल्या मित्रांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगितले. माझ्या पोटाला आता पोचे आले आहेत, आतली कल्हई कधीच उडाली आहे आणि गळ्याजवळ रिबिटांची दोन बुजवलेली भोके आहेत. एके काळी तिथे मला लोखंडाची दांडी होती. चांगली माणसाच्या हाताएवढी लांब! मित्रांनो, गडव्याला दांडी कोणी पाहिली आहे का? मीही जन्मापासून तसा नव्हतो.

भंडाऱ्याच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले तेव्हा मी गोल पोटाचा, अरुंद गळ्याचा साधा गडवा होतो. तिथून मी चांद्याच्या बाजारात आलो आणि सोमाजींनी मला विकत घेतले. सोमाजी हे माजी मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारे गावाचे जमीनदार. मालगुजारी सरकारने बंद केली होती, पण सोमाजींचा आवाज तिच्याबरोबर गेला नव्हता. गावाबाहेरची आपली जुनी धानगिरणी त्यांनी कॉलेजसाठी दिली, म्हणून ते संस्थेचे चिटणीस झाले. जवळच्या इरई नदीवरून कॉलेजचे नाव ठेवले इरई कॉलेज. भिंतींतून अजून कोंडा गळत असे आणि वारा सुटला की प्राध्यापकांना शिकवता शिकवता शिंका येत.

व्हरांड्यात एक मोठा रांजण पुरला होता आणि समोर कडुनिंबाचे झाड होते. रांजणाजवळ माझी नेमणूक झाली. पाणी देण्याचे काम भैयाजी या शिपायाकडे होते. भैयाजी रोज मला चिंचेने घासत असे. उद्‌घाटनाला आलेले पाहुणे म्हणाले, "काय लखलखीत गडवा आहे!" त्या दिवशी मी इतका फुगलो की रांजणात बुडायलाच तयार नव्हतो.

पण माझे हे सुख फार दिवस टिकले नाही. पहिल्याच वर्षी कॉलेजात काही अशी मुले आली, ज्यांच्या घरच्यांना गाव शिवत नसे. ती मुलेही इतरांसारखीच आली, मला रांजणात बुडवून पाणी प्याली आणि वर्गात गेली. दुसऱ्या दिवशी काही मुलांचे वडील सोमाजींच्या बैठकीत जाऊन बसले. सोमाजी माझ्याकडे आले, मला उचलून लोहाराकडे घेऊन गेले आणि मी परत आलो तेव्हा मला दांडी होती.

"आपल्या कॉलेजात कोनाले पानी नाई म्हनाचं नाई," सोमाजींनी भैयाजीला बजावले. "त्या पोरायले या गडव्यानं वरून पानी वाढ. बाकीच्यायसाठी पेले ठेव. झालं, कोनाची तक्रार नाई!"

आपण मोठा उदार तोडगा काढला, असे त्यांना मनापासून वाटत होते.

तेव्हापासून माझे काम असे झाले. बाकीची मुले पेल्याने पाणी घेत. ती चार-पाच मुले वाकून ओंजळ धरत आणि भैयाजी लांबून माझी धार सोडत असे. मित्रांनो, एवढ्या लांब दांडीने नेम धरणे सोपे नसते. पाणी ओंजळीत थोडे, बाहीत बरेच आणि नाकात हमखास जाई. मुले ओल्या बाहीने तोंड पुसत आणि वर्गात जात. पुढे शिवाशिव पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला. पण कायदा दिल्लीत होता आणि माझी दांडी चांद्यात. दोघांची गाठ पडायला वेळ लागला.

ती गाठ घालून दिली वच्छलाने.

वच्छला नागभीडची. तिचे वडील रेल्वेत गँगमन होते, रुळांची देखभाल करत. चांद्यात ती मावशीकडे राहून बी. ए. करत होती. कॉलेजच्या पहिल्या दिवशी ती रांजणाजवळ आली आणि म्हणाली, "भैयाजीभाऊ, पेला द्या."

भैयाजीने नाव विचारले, गाव विचारले, वस्ती विचारली आणि मला उचलले. "बाई, तुमच्यासाठी हा गडवा हाय."

"याले एवढी दांडी काऊन?"

"रांजन खोल हाय ना," भैयाजी म्हणाला.

वच्छलाने रांजणात डोकावून पाहिले. तो काठोकाठ भरलेला होता. "मले तं भरलेला दिसते," ती म्हणाली.

भैयाजीला एकाएकी कडुनिंबाच्या झाडावर काहीतरी पाहायचे होते.

वच्छला वाकली आणि ओंजळीने पाणी प्याली. ती रोज प्याली. पण एक दिवस पाणी तिच्या श्वासनळीत गेले. ती खोकत खोकत वर्गात गेली, खोकला थांबेना आणि सारा वर्ग हसू लागला. मागून कोणीतरी म्हणाले, "गडवा गिळला वाटते!" पुन्हा हशा झाला. तास सुटल्यावर वच्छला सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेली.

प्राचार्य गुणवंतराव तर्कशास्त्र शिकवत. माणूस अतिशय सज्जन, पण त्यांना प्रत्येक प्रश्नाच्या दोन बाजू दिसत आणि दोहोंच्या मध्ये ते अडकून पडत. वच्छलाची लेखी तक्रार त्यांनी वाचली आणि म्हणाले, "विचार करू." दिवाळी झाली, संक्रांत झाली. त्यांचा विचार चालूच होता. शेवटी वच्छलाने आशाबाईंना विचारले. आशाबाई इतिहास शिकवत आणि कॉलेजातल्या त्या एकट्याच प्राध्यापिका होत्या. त्या म्हणाल्या, "विद्यापीठाला लिही. मी सोबत माझी चिठ्ठी जोडते."

विद्यापीठाचे उत्तर आले : चौकशी समिती नेमा आणि काय केले ते कळवा. समिती म्हटल्यावर गुणवंतरावांच्या जिवात जीव आला, कारण आता अडकून पडायला आणखी दोन माणसे मिळणार होती. ते स्वतः, सोमाजी आणि आशाबाई अशी समिती झाली. आणि पुरावा म्हणून टेबलावर कोण ठेवले? मला! माझ्या दांडीला सुतळीने चिठ्ठी बांधली होती. दांडी टेबलाबाहेर इतकी आली होती की सोमाजी बसताना तिच्यावर आपटले.

"ह्याच्यात भेदभाव कुठी हाय?" कोपर चोळत सोमाजी म्हणाले. "रांजन तोच, पानी तेच. कोनाले तहानेलं ठेवलं का आपन?"

"तसे पाहिले तर पाणी एकच आहे," गुणवंतराव म्हणाले. "फरक आहे तो फक्त उंचीचा. आता उंची म्हणजे भेदभाव का, हा प्रश्न आहे."

"सर, तो प्रश्न वाकणाऱ्याला विचारा," आशाबाई म्हणाल्या.

सोमाजींनी सुचवले की दांडीला छान हिरवा रंग द्यावा, म्हणजे ती डोळ्यांत खुपणार नाही. मग म्हणाले, त्या मुलांसाठी दुसरा रांजण घ्यावा, पहिल्याहून मोठा. गुणवंतरावांनी डोळे मिटून बराच विचार केला आणि म्हणाले, "दांडी अर्धी कापली, तर भेदभावही अर्धा झाला, असे म्हणता येईल का?"

"मग कायद्याची शिक्षाही अर्धी होईल का, ते विचारून घ्या," आशाबाई म्हणाल्या.

गुणवंतरावांनी घाम पुसला. शिमगा उलटून गेला होता आणि चांद्याचे ऊन पत्र्यातून खाली उतरत होते. त्यांनी वच्छलाला बोलावले.

ती आत आली तशी सोमाजींनी आवाज चढवला. "पोरी, परीक्षा तोंडावर आली. परीक्षेले बसाले कॉलेजचा वर्तनुकीचा दाखला लागते, मालूम हाय ना? जिनं संस्थेची बदनामी केली तिले चांगल्या वर्तनुकीचा दाखला कसा देऊ आमी? तक्रार मागं घे अन् निवांत परीक्षेले बस."

गुणवंतराव टेबलाकडे, म्हणजे माझ्याकडे पाहू लागले. आशाबाई काही बोलणार तेवढ्यात वच्छला बोलली.

"माझा बाप रुळावर काम करते, मालक. मी घरून शिकाले आली तवा त्यानं मले सांगतलं, भांडू नको. मी भांडून नाई राह्यली. मले वेगळं काईच नाई पाहिजे. सगळ्यायले सारखं पानी द्या. कसंबी द्या, पन सारखं."

"कसंबी?" सोमाजींनी कान टवकारले.

"कसंबी."

सोमाजींचा चेहरा खुलला. त्यांना वाटले होते, मुलगी पेला मागेल, रांजणाला हात लावू द्या म्हणेल, नाहीतर पोलिसांचे नाव काढेल. ती तर नुसते 'सारखे' म्हणत होती! पाणी सारखेच तर होते, एकाच रांजणातले. "लिहा, प्राचार्य," ते म्हणाले. "सगळ्यायले सारखं."

गुणवंतराव लिहू लागले. तर्कशास्त्राचा माणूस, प्रत्येक शब्दाला कुंपण घालणारा. आशाबाई शेजारी बसून मदत करत होत्या. ठराव असा झाला : कॉलेजच्या आवारात पाणी पिणाऱ्या प्रत्येक व्यक्तीस एकाच रांजणातून, एकाच भांड्याने व एकाच रीतीने पाणी देण्यात येईल. सोमाजींना जेवायला उशीर होत होता. त्यांनी 'एकाच रांजणातून' एवढे ऐकले, मान डोलावली आणि सही केली.

ठराव फळ्यावर लागला. भैयाजी मला खांद्यावर घेऊन तो वाचायला आला. त्याने तो दोनदा वाचला आणि प्राचार्यांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"साहेब, प्रत्येक म्हनजे सगळे ना?"

"अर्थातच."

"एकच भांडं म्हनजे कोनतं? पेले तं पुष्कळ हायेत. गडवा एकच हाय."

गुणवंतरावांना उत्तर सुचायच्या आत भैयाजी पेले गोळा करून कपाटात ठेवायला निघून गेला होता. कपाटाला त्याने कुलूपही लावले. मित्रांनो, भैयाजी भोळा होता की वस्ताद, हे मला आजवर कळलेले नाही. पण त्या दिवशी मला घासताना तो गुणगुणत होता, एवढे मात्र खरे.

दुसऱ्या दिवसापासून इरई कॉलेजात हाहाकार उडाला. ऊन असे की रस्त्यावर कुत्रेही फिरकेना. पोरे रांजणाकडे धावत येत आणि पेले नाहीत हे पाहून थबकत. भैयाजी शांतपणे म्हणे, "वाका." कोणी तणतणले तर तो फळ्याकडे बोट दाखवी. नाइलाजाने पोरे वाकत. सवय कोणालाच नव्हती. कोणाचे पाणी कोपरातून ओघळे, कोणाच्या टोपीत पडे. संस्कृतचे प्राध्यापक पाणी पिऊन सरळ झाले तेव्हा त्यांचे उपरणे रांजणात होते आणि चष्मा ओंजळीत. ज्याने 'गडवा गिळला' म्हटले होते, त्या पोराच्या नाकात पहिल्याच धारेला असे पाणी गेले की तो तास संपेपर्यंत शिंकत होता.

खुद्द गुणवंतरावांचीही सुटका नव्हती. ते आधी दोन दिवस तहानलेले राहिले. तिसऱ्या दिवशी ते आले, इकडे तिकडे पाहिले आणि वाकले. भैयाजीने अदबीने धार सोडली. ती त्यांच्या सदऱ्याच्या गळ्यातून आत शिरली. ते ओलेच आपल्या खोलीत गेले.

तक्रारी तर अशा आल्या की टेबल दिसेना. प्राध्यापकांच्या आल्या, पोरांच्या आल्या, पोरांच्या वडिलांच्याही आल्या. गुणवंतरावांनी आशाबाईंना बोलावून घेतले आणि एक-एक मोठ्याने वाचू लागले. 'पाणी नाकात जाते.' 'कपडे भिजतात, वर्गात बसवत नाही.' 'वाकून ओंजळ धरताना भिकाऱ्यासारखे वाटते. आम्ही येथे शिकायला आलो आहोत.'

गुणवंतराव थांबले. "आशाबाई, हे शेवटचे वाक्य मी कुठेतरी आधी वाचले आहे."

"वच्छलाच्या अर्जात, सर. दिवाळीच्या आधी."

गुणवंतरावांनी चष्मा काढला. त्या दिवशी त्यांना प्रश्नाची दुसरी बाजू दिसली नाही.

ही सारी बोंब सोमाजींच्या कानावर गेली. ते भर दुपारी, टळटळीत उन्हात, तावातावाने कॉलेजात आले. गावापासून चालत आल्याने त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, ओठ सुकले होते. रांजणाजवळ पोरांची रांग लागलेली होती आणि वच्छलाही तीत उभी होती. मालक आले तशी रांग बाजूला झाली.

"भैयाजी, पानी दे," सोमाजी म्हणाले.

भैयाजीने मला रांजणात बुडवले, भरून घेतले, दांडी दोन्ही हातांनी धरली आणि इतक्या हळू आवाजात बोलला की जवळ उभ्या असलेल्यांनाच ऐकू आले. "वाका, मालक."

"काय म्हनतं?"

"ठराव हाय जी. सही तुमचीच हाय."

कोणी हसले नाही. सोमाजींनी रांगेकडे पाहिले, फळ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. पाणी माझ्या काठावरून थेंबथेंब गळत होते. त्यांना घेरी आल्यासारखे झाले, त्यांनी खांबाला हात टेकला. आणि मग, मित्रांनो, मालगुजारांचे ते शरीर हळूहळू वाकले. ओंजळ कशी धरायची हे त्यांना माहीत नव्हते. बोटे फाकली होती आणि हात हनुवटीपासून लांब होते.

वच्छला रांगेतून पुढे आली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"तसं नाई, मालक. बोटं मिटा. हात तोंडाले लावून धरा, नाईतं नाकात जाते. अन् मधात श्वास नका घेऊ."

सोमाजींनी तसे केले. भैयाजीने धार सोडली. नाकात गेले नाही. सोमाजी पोटभर प्याले. मग ते सरळ झाले. छातीवरचा सदरा चिंब झाला होता. त्यांनी वच्छलाकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता प्राचार्यांच्या खोलीत शिरले.

तिथे मात्र त्यांना आवाज सापडला. "तो गडवा आताच्या आता बंद करा! पेले काढा!"

"काढतो," गुणवंतराव म्हणाले. "पण ठरावात 'प्रत्येक' आहे आणि 'एकाच रीतीने' आहे. पेले निघाले तर सगळ्यांसाठीच निघतील. रांजणाला हात लावायचा, तर सगळेच लावतील. अहवाल मी आजच विद्यापीठाला पाठवतो आहे. तुम्हाला दुसरे काही लिहायचे असेल, तर तुमच्या सहीने लिहा. खाली तक्रारीही जोडतो, तुमच्या पुतण्याचीही आहे."

गुणवंतरावांना एवढे सरळ बोलताना कॉलेजने पहिल्यांदा ऐकले. सोमाजींनी ओला सदरा झटकला आणि ते निघून गेले. मित्रांनो, त्यांचे मन त्या दिवशी पालटले, असे मी सांगितले तर ते खोटे होईल. पुढे ते कॉलेजात येत तेव्हा घरून आपली सुरई आणत. पण ठरावाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही आणि दाखल्याचे नावही काढले नाही. वच्छलाच्या दाखल्यावर गुणवंतरावांनी स्वतः लिहिले : 'वर्तणूक उत्तम. मुलगी पाणीदार आहे.' आशाबाई म्हणाल्या, "सर, विद्यापीठाला हे चालेल का?" गुणवंतराव म्हणाले, "त्यांना हवी तर समिती नेमू द्या."

दुसऱ्या दिवशी लोहार आला आणि त्याने माझी दांडी काढली. मला इतके हलके वाटले की विचारू नका. भैयाजीने कपाटाचे कुलूप काढले, पेले रांजणाजवळ मांडले, मला त्यांच्या शेजारी ठेवले आणि बाजूला उभा राहिला. सगळे कॉलेज व्हरांड्यात जमले होते, पण पुढे कोणी येईना. वच्छला आली. तिने रांजणावरचे झाकण काढले, मला आत बुडवले, पेला भरला आणि उभ्यानेच, मान वर करून पाणी प्याली. मग पेला जिथला तिथे ठेवला.

आता काय? पोरे एकमेकांकडे पाहू लागली. ऊन तापत होते, घसे सुकले होते आणि तो पेला तिथेच होता. कोणाचा हात पुढे होईना. वच्छला तशीच उभी होती. तिचा चेहरा उतरत चालला होता.

तेवढ्यात भैयाजी पुढे आला. त्याने तोच पेला उचलला, भरला आणि सगळ्यांच्या देखत प्याला. थोड्याच वेळापूर्वी तो विहिरीवर पोटभर पाणी पिऊन आला होता, हे मला माहीत होते. त्याला तहान नव्हतीच. तरी तो शेवटच्या घोटापर्यंत प्याला, मिशी पुसली आणि म्हणाला, "थंड हाय. प्या ना, काऊन थांबले?"

तो शिंकणारा पोरगा पुढे आला. मग आणखी एक. मग रांजणाभोवती अशी झुंबड उडाली की माझ्या पोटाला पहिला पोचा तेव्हाच आला. काही पोरे पुढेही घरून पाणी आणत राहिली, पण चांद्याचा उन्हाळा मोठा असतो आणि घरचे पाणी दुपारपर्यंत कोमट होते.

वच्छला पास झाली आणि नागभीडला शाळेत शिकवू लागली, असे आशाबाई सांगत होत्या. कॉलेजला पुढे नळ आला, रांजण फुटला आणि मी अडगळीत पडलो. आता मला कोणी घासत नाही. कोणी चिंचेने घासले तर आवडेल, पण तेवढ्यासाठी मी ही गोष्ट सांगितलेली नाही.

मित्रांनो, माझे मागणे लहान आहे. तुमच्या दारात, तुमच्या शाळेत, तुमच्या कचेरीत कोणी तहानलेला आला, तर त्याला पाणी वाढू नका. गडवा त्याच्या हातात द्या.